पैनगंगेचे दोन काठ

नकाशावर आदिलाबाद जिल्हा शोधू गेल्यास तो दोन नद्यांच्या मधोमध सापडेल. उत्तरेस पैनगंगा आणि पुढे तिला पोटात घेणारी वर्धा, दक्षिणेस गोदावरी, पूर्वेस प्राणहिता. २०१६ च्या ऑक्टोबरात ह्या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. परंतु आजच्या विवेचनापुरता तो जुना, अखंड जिल्हाच आपण डोळ्यांपुढे ठेवू, कारण पाण्याची गोष्ट त्या जुन्या सीमांतच नीट समजते. येथे पाऊस थोडा नाही. सरासरीने पाहिले तर बीड किंवा धाराशिव येथील शेतकऱ्याला हेवा वाटावा इतका तो आहे. आणि तरीही फाल्गुन सरला की डोंगरातल्या वाड्यांवरील बाया घागरी घेऊन झऱ्यांच्या शोधात निघतात. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात खाली काळा पाषाण आहे; तो पाणी फारसे साठवीत नाही. वर उतार असा की आषाढात पडलेले पाणी भाद्रपदापर्यंत दोन्हीकडच्या नद्यांत जाऊन मिळते. तेव्हा येथील दुष्काळ हा पाऊस न पडल्याचा जितका, तितकाच पडलेले पाणी न राहिल्याचा आहे. आणि ते राहू द्यायचे तर नदीच्या पलीकडच्या काठाशी बोलल्यावाचून गत्यंतर नाही.

हे बोलणे कधी झाले, कसे झाले आणि कोठे अडले, हा आजचा विषय आहे.

पैनगंगा आणि वर्धा ह्या नद्या नेहमीच सीमा नव्हत्या. चांद्याच्या गोंड राजांच्या परंपरेत त्यांची पहिली राजधानी सिरपूर सांगितली जाते. ते सिरपूर आज तेलंगणात आहे. तेथून राजधानी बल्लारपुरास आणि मग चांद्यास गेली. ही दोन्ही स्थाने आज महाराष्ट्रात आहेत. म्हणजे नदी त्या राज्याच्या कडेने वाहत नव्हती, मधून वाहत होती. ह्या घराण्यातील हिरशहा राजाविषयी अशी परंपरा आहे की, जो कोणी तलाव बांधील त्याला, त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी इनाम मिळे. ह्या युक्तीतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. राजाने खजिन्यातून पैसा काढला नाही आणि बांधणाऱ्याला बांध फुटू देणे परवडणारे राहिले नाही. चंद्रपूर, गडचिरोली ह्या मुलखात आजही जुने तलाव गावोगाव दिसतात.

नदीची सीमा झाली ती पुढे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि पैनगंगेच्या उत्तरेस एक सत्ता व दक्षिणेस दुसरी अशी विभागणी झाली. निजामी मुलखात १८७२ मध्ये सिरपूर तांडूर नावाचा एक वेगळा विभाग करण्यात आला. १९०५ मध्ये त्याला पुऱ्या जिल्ह्याचा दर्जा मिळून आदिलाबाद हे नाव पडले. राज्ये दोन झाली तरी माणसे फारशी निराळी झाली नाहीत. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर कापूस आणि ज्वारी, दोन्ही तीरांवर मराठी, गोंडी, कोलामी बोलणारी वस्ती, आणि सोयरीक तर नदी ओलांडूनच.

निजामी कारकीर्दीत ह्या जिल्ह्यात पाण्याचे एक काम असे झाले की त्याची ओळख आपल्याकडे पुष्कळांना नाही. खानापूरजवळ गोदावरीचे पात्र एका बेटाने दुभंगले आहे. त्या ठिकाणी १८९१-९२ च्या सुमारास दगडी बंधारा घालण्यात आला. त्याचे नाव सदरमाट. हे धरण नव्हे. नदीला अडवून मोठा साठा करण्याचा त्यात प्रयत्न नाही. पाणी थोडे उंचावायचे, कडेच्या कालव्यात वळवायचे, उरलेले अंगावरून वाहू द्यायचे, एवढीच योजना. ना पंप, ना वीज. केवळ उताराच्या बळावर खानापूर आणि कडेम परिसरातील सुमारे बारा हजार एकरांना त्याचे पाणी मिळत आले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याची जागतिक सिंचन वारशात गणना केली. सव्वाशे वर्षे टिकलेल्या ह्या बंधाऱ्याने कोणाचे गाव बुडविले नाही, हे त्याच्याविषयी विशेष सांगण्याजोगे.

परंतु सदरमाट गोदावरीच्या अंगाला. पैनगंगेच्या अंगाला असे काही झाले नाही, आणि मधल्या डोंगरात तर सरकार पाणी घेऊन नव्हे, राखीव जंगलाचे खांब घेऊन पोहोचले. ज्या गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या झऱ्याच्या आधाराने वस्ती केली होती त्यांना त्या झऱ्यापासूनच उठविण्यात आले. कोमरम भीम ह्यांच्या उठावाची मागणी जल, जंगल आणि जमीन ह्या तीन शब्दांत सांगितली जाते. त्यातला पहिला शब्द कोणता आहे इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. १९४० मध्ये जोडेघाट येथे भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ ह्यांना ह्या मुलखात पाठविले. त्यांनी मारलवाई गावी राहून काम केले आणि तेथे गोंडी मुलांसाठी जी क्रमिक पुस्तके तयार झाली ती देवनागरीत छापली गेली, कारण ह्या भागात शिकलेल्या माणसाची लिपी तीच होती.

ह्याच डोंगरात केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. जत्रेपूर्वी मेसराम कुळातील मंडळी पायी गोदावरीवर जातात, कलशात पाणी भरतात, आणि तो कलश वाटेत जमिनीला न टेकविता केसलापूरला आणून त्या पाण्याने देवाला स्नान घालतात. महाराष्ट्रातील गोंड बांधवही ह्या जत्रेला मोठ्या संख्येने येतात. नदीचे पाणी डोंगरावर नेण्याची ही सर्वांत जुनी व्यवस्था म्हणावी लागेल. आणि ती आजतागायत चुकलेली नाही.

आता १९५६ कडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके, तसेच बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले. राजुरा आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला. उलट नांदेडकडील मुधोळ तालुका आंध्र प्रदेशात गेला. मराठी घरांतील मुलांना अक्षरारंभासाठी जेथे नेतात ते बासरचे सरस्वतीचे मंदिर असे एका दिवसात दुसऱ्या राज्यात गेले. इस्लापूरबरोबर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा इकडे आला. भाषेच्या न्यायाने ह्या बदलांविषयी फारशी तक्रार करता येणार नाही, आणि मला ती करावयाचीही नाही. पण रेषा आखणाऱ्यांसमोर शिरगणतीचे तक्ते होते, ओढ्यांचे नव्हते. कोणत्या गावाची भाषा कोणती हे त्यांनी विचारले. कोणत्या गावाचे पाणी कोठून येते हे विचारण्याचा तो प्रसंगच नव्हता. किनवटच्या वरच्या बाजूचे पाणी एका राज्याचे, खालच्या बाजूचे दुसऱ्याचे, असा प्रकार त्या दिवसापासून सुरू झाला. जिवती आणि केरामेरीच्या मधल्या डोंगरावरील चौदा गावे तर अशी राहिली की दोन्ही राज्ये त्यांना आपली म्हणत आली आणि तेथील मराठी माणसांच्या घरात दोन दोन राज्यांची शिधापत्रिका आली.

राज्ये नवी होती आणि उत्साह मोठा होता. कडेम नदीवर नुकतेच उभे राहिलेले धरण १९५८ च्या ऑगस्टमधील पुरात फुटले. पाणी माथ्यावरून गेले आणि डाव्या बाजूस साडेचारशे फुटांचे खिंडार पडले. ते पुन्हा बांधले गेले. २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंनी गोदावरीवर पोचमपाड येथे कोनशिला बसविली. हेच पुढचे श्रीरामसागर. दोनच वर्षांनी, १९६५ च्या ऑक्टोबरात, त्याच नदीवर पण पुष्कळ वर, पैठणजवळ जायकवाडीची कोनशिला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली. नदी एक, दोन वर्षांत दोन पंतप्रधान, दोन धरणे. आणि वरच्याने किती अडविले तर खालच्याला किती उरेल, ह्याचा दोघांत पक्का हिशेब अद्याप व्हावयाचा होता.

तो हिशेब करण्यासाठी १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत ह्यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. लवादांचा लौकिक आपणांस ठाऊक आहेच. परंतु गोदावरीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. निकालाची वाट पाहत न बसता राज्यांनीच आपसांत करार केले आणि लवादाने १९८० च्या अंतिम निर्णयात ते जवळजवळ जसेच्या तसे स्वीकारले. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश ह्यांच्यातील करार ६ ऑक्टोबर १९७५ चा. महाराष्ट्रात तेव्हा मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते, आंध्रात जलगम वेंगळराव. दोघांचीही राजकीय घडण जुन्या हैदराबाद राज्यातली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. करार असा झाला की, पैठणच्या वरचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वरच्या वरचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्या खाली पोचमपाडपर्यंत महाराष्ट्राने नव्या कामांसाठी ६० अब्ज घनफुटांहून अधिक घेऊ नये. बाकीचे आंध्राने वापरावे. आणि लेंडी, निम्न पैनगंगा व प्राणहिता ही कामे दोन्ही राज्यांनी मिळून करावी.

ह्या शेवटच्या कलमात आदिलाबादच्या उत्तर भागाची सारी आशा साठविलेली होती. कारण पोचमपाडच्या सरस्वती कालव्याने निर्मल, खानापूरकडची जमीन भिजली. पण डोंगराच्या अलीकडे जैनथ, बेला, तामसी ह्या काळ्या मातीच्या पट्ट्याला गोदावरीचे पाणी येऊ शकत नाही. तेथे पाणी आले तर पैनगंगेचेच येणार. सातनाला, मत्तडीवागू असे लहान प्रकल्प झाले, त्यांनी थोडा आधार दिला. मोठी भिस्त निम्न पैनगंगेवर.

आणि ते धरण अजून उभे नाही. त्याची जागा यवतमाळ जिल्ह्यात ताडसावळीजवळ. आंध्राचा, आता तेलंगणाचा, त्यातला वाटा सुमारे ५ अब्ज घनफूट, आणि खर्चातही त्याच प्रमाणात, म्हणजे आठव्या हिश्श्याच्या आसपास. बाकी सर्व पाणी महाराष्ट्राचे. कागदावर ही विभागणी न्याय्य आहे. पण बुडणारी गावे? ती नव्वदीच्या घरात, यवतमाळ आणि नांदेड ह्या जिल्ह्यांतली, पुष्कळशी आदिवासी शेतकऱ्यांची. त्यांनी दशकानुदशके विरोध चालविला आहे आणि त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारणे मला शक्य वाटत नाही. पाण्याची टंचाई दोन्ही काठांना सारखी असते, परंतु घर बुडण्याची टंचाई अशी सारखी वाटता येत नाही. १९७५ च्या करारात पाण्याचे वाटे दशांशापर्यंत मोजण्याचा मार्ग आखला गेला. उठणाऱ्या माणसांचे ओझे कोणी किती उचलायचे ह्याला तशी मोजणी लाभली नाही. लेंडीचेही तेच झाले. मुखेड तालुक्यात गोणेगाव येथे काम सुरू झाले आणि पुनर्वसनाच्या प्रश्नावर पिढीभर अडून राहिले.

सिंधूच्या खोऱ्यात १९६० मध्ये जो करार झाला त्यात तीन नद्या एका देशाला आणि तीन दुसऱ्याला असे करता आले. पैनगंगेच्या बाबतीत ती सोय नाही. येथे नदीचा एक काठ एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा आहे.

ह्या दोन राज्यांतील सर्वांत मोठे भांडण मात्र पैनगंगेवर झाले नाही, ते गोदावरीवर बाभळीला झाले. नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ महाराष्ट्राने बंधारा बांधण्यास घेतला. साठा २.७४ अब्ज घनफूट. पोचमपाडच्या तुलनेत घागरीपुढे तांब्या. पण जागा अशी की पोचमपाडचा फुगवटा तेथपर्यंत येतो. आपल्याच जलाशयात दुसऱ्याने भिंत घातली, असे खालच्यांना वाटले; आपल्याच हद्दीत, आपल्याच ६० अब्ज घनफुटांतून घेतो आहोत, असे वरच्यांना वाटले. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० च्या जुलैत तेथील विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा पाहावयास निघाले, तेव्हा त्यांना धर्माबादेत अटक झाली, आणि काही दिवस नदीपेक्षा वर्तमानपत्रांनाच अधिक पूर आला.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने जो निकाल दिला तो वाचण्यासारखा आहे. बंधारा पाडा असेही न्यायालयाने म्हटले नाही आणि हवे तसे वापरा असेही नाही. त्याने दिनदर्शिका आखून दिली. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले राहतील, म्हणजे पावसाळ्याचा प्रवाह अडणार नाही. २९ ऑक्टोबरला ते उतरवायचे. जे ०.६ अब्ज घनफूट पोचमपाडच्या फुगवट्यातले धरले जाते, तेवढे १ मार्चला खाली सोडायचे. देखरेखीला तीन जणांची समिती: केंद्रीय जल आयोगाचा एक, दोन्ही राज्यांचा एकेक. तेव्हापासून दर वर्षी ठरलेल्या दिवशी दोन्हीकडचे अभियंते बंधाऱ्यावर येतात, पाण्याची पातळी पाहतात, कागदावर सह्या करतात, आणि दरवाजे हलतात. नांदेडचा शेतकरी ह्यावर समाधानी आहे असे नाही. पाऊस ओसरल्यावर दरवाजे उतरवून पाणी किती साठणार, असे तो विचारतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही ज्या ठिकाणी २०१० मध्ये पोलिसांची फौज उभी होती तेथे आज वर्षातून तीन तारखांना सरकारी जीप येते आणि परत जाते, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

पुढे २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे मोसमी पावसाने दगा दिला. मराठवाड्यात काय झाले ते सर्वांच्या स्मरणात आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाणी आगगाडीने न्यावे लागले. तेलंगणातही मोठा भाग दुष्काळी जाहीर झाला. यवतमाळ आणि आदिलाबाद ह्या दोन्ही जिल्ह्यांची नावे त्या काळात कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत एकत्रच येत. महाराष्ट्राने २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार योजना हाती घेतली, तेलंगणाने २०१५ च्या मार्चमध्ये मिशन काकतीय. दोन्हीकडे काम जवळपास एकच होते: जुने तलाव उपसा, गाळ शेतात टाका, ओढा जागीच अडवा. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकाच सुमारास तीच माती उकरली गेली, पण एका खोऱ्याची एक योजना म्हणून नव्हे. एवढी जवळीक असून असे व्हावे ह्याचे नवल वाटते.

करार झाले ते बंधाऱ्यांचे. ८ मार्च २०१६ रोजी मुंबईत आंतरराज्य मंडळाचा करार झाला आणि २३ ऑगस्टला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व के. चंद्रशेखर राव ह्यांच्या उपस्थितीत तीन कामांवर सह्या झाल्या: गोदावरीवर मेडीगड्डा, प्राणहितेवर तुम्मिडीहट्टी आणि पैनगंगेवर चनाखा-कोरटा. आधी पैनगंगेवर तीन बंधाऱ्यांचा विचार होता. त्यांपैकी हा एक तडीस गेला. चनाखा हे यवतमाळकडचे गाव, कोरटा हे जैनथकडचे. साठा एक अब्ज घनफुटाहूनही कमी, पाणी नदीच्या काठांतच राहणारे, गाव एकही बुडणारे नाही. बंधारा उभा राहिला. कालव्यांचे आणि त्यांच्या जमिनीचे काम मागून रखडत आले, पण चाळीस वर्षे जे निम्न पैनगंगेच्या नावाने जैनथच्या शेतकऱ्याने ऐकले होते त्याचा निदान एक भाग त्याला डोळ्यांनी पाहता आला. मला ह्यात सदरमाटची जात दिसते.

तुम्मिडीहट्टीची कथा निराळी. तेथे २००८ मध्ये आंध्र प्रदेशाने प्राणहिता-चेवेळ्ळा योजनेचा पाया घातला होता. बंधाऱ्याची पूर्ण पातळी १५२ मीटर हवी असे आंध्राचे म्हणणे. त्याने चंद्रपूर, गडचिरोलीतील जमीन पाण्याखाली जाईल म्हणून महाराष्ट्र १४८ मीटरवर अडून बसला. तेलंगण राज्य झाल्यावर मुख्य उपसा खाली मेडीगड्ड्याला नेण्यात आला, आणि २०१६ च्या करारात तुम्मिडीहट्टीची पातळी १४८ मीटर मान्य झाली. मेडीगड्ड्याचा प्रचंड बंधारा तीन वर्षांत उभा राहिला. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे खांब खचले. त्याची चौकशी, त्याचे राजकारण, हे सारे हैदराबादेस चालले. आदिलाबादच्या कडेला, वर्धा आणि वैनगंगा ह्यांच्या संगमाखाली, १४८ मीटरच्या ज्या रेघेवर दोन राज्ये इतक्या कष्टाने एकमत झाली, तेथे बंधारा मात्र झाला नाही.

उरला प्रश्न उन्हाळ्याचा. पैनगंगेवर वरच्या अंगाला महाराष्ट्राचे इसापूर धरण आहे. चैत्र-वैशाखात खाली पात्र कोरडे पडले की उमरखेड, किनवटकडचे गावकरी धरणातून नदीत पाणी सोडा अशी मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्याकडे जातात, आणि कधी पाणी सुटते, कधी सुटत नाही. ते सुटले तर किनवटच्या खाली आणखी किती दूर जावे आणि कोणत्या तारखेला पोहोचावे, हे बाभळीसारखे कोणी ठरवून दिलेले नाही. बाभळीला ते ठरण्यासाठी सात वर्षांचा दावा आणि एक अटक लागली होती.